‘या वयात?’

आपल्या भाषेत काही प्रश्न असे आहेत की विचारणाऱ्याला त्यांचे उत्तर नको असते. ‘या वयात?’ हा त्यांतला एक. साठी उलटलेल्या माणसाने पोहायला शिकायचे ठरवले, सायकल विकत घेतली, एखाद्या गडावर जायचा बेत केला, की घरातल्या चार तोंडांतून हे दोनच शब्द बाहेर पडतात. पुढचे कोणी बोलत नाही. बोलण्याची गरजच नसते. पडणे, हाड मोडणे, इस्पितळ, मुलांची धावपळ आणि शेजाऱ्यांचे हसणे, एवढे सगळे त्या दोन शब्दांत आलेच.

हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा मी ६३ वर्षांची होते आणि माझा अपराध एवढाच होता, की मला कळसूबाईच्या शिखरावर जायचे होते.

आधी माझी थोडी हकिगत सांगते. माझे माहेर हट्ट्याचे. हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातले गाव. परभणीहून हिंगोलीकडे निघाले की जवळा बाजारच्या अलीकडे लागते. माझ्या लहानपणी हिंगोली हा जिल्हाच नव्हता. १ मे १९९९ रोजी परभणीतून तो वेगळा झाला. जमीन काळीभोर, कसदार. कापूस, सोयाबीन आणि हळद ही इथली पिके. वसमतच्या हळदीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण या जमिनीत एक उणीव आहे. ती सपाट आहे. टेकड्या पाहायच्या तर औंढा नागनाथाच्या बाजूला जावे लागते.

अशा सपाट गावातल्या शाळेत आम्ही भूगोल शिकलो. ‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?’ असे गुरुजींनी विचारले की सगळा वर्ग एका सुरात ओरडे, ‘कळसूबाई! उंची १,६४६ मीटर!’ आमच्यापैकी एकानेही तोवर धड डोंगर पाहिलेला नव्हता. पण तो आकडा मला माझ्या जन्मतारखेसारखा पाठ झाला आणि पाठच राहिला.

पुढे लग्न होऊन औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात गेले, टपालखात्यात नोकरी लागली आणि ३६ वर्षे खिडकीमागच्या खुर्चीत गेली. रजिस्ट्री, मनिऑर्डर, बचतखाती. माझ्या हातून हजारो पाकिटे देशभर फिरून आली. मी मात्र घर ते पोस्ट आणि पोस्ट ते घर. मार्च २०२० च्या अखेरीस निवृत्त झाले. टाळेबंदी होती, त्यामुळे निरोपसमारंभसुद्धा झाला नाही. यजमान चार वर्षांपूर्वीच गेले होते. मुलाने आग्रहाने पुण्याला नेले. अकराव्या मजल्यावरचे घर, सगळ्या सोयी, सून चांगली, नातू गोड. पण दिवसभरात माझ्या वाट्याला चालणे यायचे ते खोलीपासून गच्चीच्या कठड्यापर्यंत. दीड वर्षाने मी हट्ट्याला परत आले. दादा आता सत्तरीचा, वहिनी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. जुन्या वाड्यातली एक खोली त्यांनी मला झाडून दिली.

त्या पहिल्याच ज्येष्ठात मी एक गोष्ट पाहिली. आमच्या गल्लीत एक आजी राहतात. वय ७२. एका डोळ्याचे शस्त्रक्रियेने निभावले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. त्यांनी एका सकाळी पडशी भरली, तुळशीची माळ नीट केली आणि दिंडीबरोबर पायी पंढरपूरला निघाल्या. साऱ्या गल्लीने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. कोणी भाकरी बांधून दिल्या, कोणी शंभराची नोट हातात कोंबली. ‘या वयात?’ असे त्यांना एका माणसानेही विचारले नाही!

मी थक्क झाले. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा आजचा थाट हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिला. तुकोबांच्या पादुका पालखीतून नेण्याची प्रथा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. शेगावची गजानन महाराजांची पालखी तर औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी अशी आमच्याच भागातून जाते. पाऊस, चिखल, उघड्यावरचा मुक्काम, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटरची चाल. हे सगळे आमच्याकडची म्हातारी माणसे शतकानुशतके करीत आली आहेत. डोंगर चढणाऱ्या मंडळींच्या भाषेत बोलायचे तर ही सरळसरळ मोहीमच आहे.

आणि आमच्या जिल्ह्याला तर याचा वारसाच आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे नरसी इथे जवळच. नामदेव उत्तर आयुष्यात उत्तरेकडे निघाले आणि पार पंजाबात पोचले. रेल्वे नाही, सडका नाहीत, भाषा वेगळी. तिथे घुमान गावी त्यांनी पुष्कळ वर्षे काढली, तिथल्या लोकांच्या भाषेत पदे रचली. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. याच घुमानमध्ये एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. पंढरपूरच्या देवळाशी आयुष्य बांधलेल्या माणसाने उतरत्या वयात नवा मुलूख, नवी भाषा, नवी माणसे जोडावीत, याहून मोठा नवा आरंभ तो कोणता?

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की म्हातारपणी आपल्या लोकांच्या अंगात बळ कमी पडत नाही. कमी पडते ती परवानगी. देवाचे नाव घेतले की ती आपोआप मिळते. पण एखादी बाई म्हणाली, की मला नुसते चालायचे आहे, मला उंचावरून खाली पाहायचे आहे, तर तिला ‘डोके फिरले’ म्हणतात. शहरातल्या आपल्या घरांतून वारी बहुतेक सुटली. तिच्याबरोबर म्हाताऱ्या माणसांची बाहेर पडायची मुभाही सुटली. राहिले ते बाकावर बसणे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची देवाणघेवाण.

मार्च २०२३ मध्ये मी घरात कळसूबाईचा विषय काढला. दादा पेपरातून डोके वर न काढता म्हणाला, “कशाला उगं पाय मोडून घ्यायलीस?” मुलगा फोनवर आधी हसला, मग गंभीर झाला. “आई, या वयात?” मी गप्प राहिले तसा म्हणाला, “हट्ट्याची ना तू, हट्टी असायचीच!” वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्या हळदीचे कंद निवडत होत्या, निवडत राहिल्या.

मी परभणीला जाऊन डॉक्टरांना भेटले. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, साखर पाहिली, गुडघ्यांची छायाचित्रे काढली. उजव्या गुडघ्याची झीज सुरू झालेली होती. मला वाटले, आता संपलेच. पण डॉक्टर म्हणाले, “गुडघ्याचा भार मांडीचे स्नायू वाहतात. ते बळकट करा, वजन चार-पाच किलो उतरवा, आणि सहा महिन्यांनी दाखवायला या. तोवर रोज चाला.” जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, तेही हेच सांगते: पासष्टीपुढच्या माणसांनीसुद्धा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व बळ वाढवण्याचे व्यायाम करावेत. म्हणजे विश्रांतीचा सल्ला शास्त्राने दिलेलाच नाही. तो आपला आपण घेतला आहे.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला पांदणीच्या रस्त्याने चालायला लागले. हळद शिजवण्याचे दिवस होते. कढयांची वाफ आणि ओल्या हळदीचा उग्र वास साऱ्या शिवारात भरलेला असे. पण वाचकहो, खेड्यात विनाकारण चालणे किती कठीण असते ते तुम्हा शहरवासीयांना कळायचे नाही! शहरात बूट घालून भरभर चालणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. इथे मोटारसायकलवाला प्रत्येक पोरगा थांबे. “मावशी, गाडी हुकली काय? बसा, सोडतो.” नको म्हटले की त्याला वाईट वाटे. शेवटी मी हातात एक रिकामी पिशवी धरू लागले. पिशवी दिसली की माणूस कामाला निघाले असे लोक समजतात आणि निमूट पुढे जातात.

चालण्याचे जमले, पण चढण कुठून आणायची? ते कोडे दादानेच सोडवले. आमच्या शेतात जुनी दगडी पायविहीर आहे. दादा म्हणाला, “तुला वर जायचंय ना? मग आधी खाली उतर.” मार्चात पाणी तळाला गेलेले; ३४ पायऱ्या उघड्या. मग तो कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसला. बारी गावापासून शिखरापर्यंतची चढण साधारण ८५० मीटर धरली, पायरीची उंची २० सेंटिमीटर धरली, तर ४,२५० पायऱ्या होतात. “म्हणजे आपली विहीर सव्वाशे वेळा चढायची,” असे सांगून तो परत पेपर वाचू लागला. त्या दिवशी मी चार वेळा चढले आणि कठड्यावर बसून राहिले.

मराठवाड्यात अशा पायऱ्यांच्या विहिरींना तोटा नाही. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव आणि जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची बारव तर पाहण्यासारख्या आहेत. रोहन काळे या तरुणाने चालवलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे अलीकडे अनेक गावांनी आपल्या विसरलेल्या बारवा उपसून स्वच्छ केल्या. पाण्यासाठी बांधलेल्या त्या पायऱ्यांवरून किती पिढ्यांच्या बायका भरल्या घागरी घेऊन वर आल्या असतील! त्यांच्या मांड्यांना कोणत्या व्यायामाची गरज होती?

पंधरा दिवसांनी एका पहाटे मी निघाले तर वहिनी दारात उभ्या. डोक्यावरून पदर, हातात माझ्यासारखीच पिशवी. म्हणाल्या, “ताई, अंधारात एकट्या कशाला जाता? सोबत येते.” सोबत येते म्हणणाऱ्या वहिनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे दहा पावले होत्या. विहिरीच्या पायऱ्या त्या अशा चढल्या, की जणू वर दूध उतू चालले आहे.

दुपारी वहिनी कामात असताना मी त्यांना वाचून दाखवू लागले. एमा गेटवूड ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली बाई. ११ मुलांची आई, नवऱ्याचा मार सोसून अखेर वेगळी झालेली. १९५४ मध्ये ती अ‍ॅपलेशियन डोंगररांगेतल्या लांबलचक पायवाटेवर चालायला गेली, वाट चुकली, चष्मा फुटला, परत आली. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, पुन्हा निघाली. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे ३,३०० किलोमीटर तिने एकटीने काटले. आणि निघताना मुलांना काय सांगितले? ‘जरा फिरायला जाते’, एवढेच! वहिनी हसता हसता म्हणाल्या, “शहाणी बाई. खरं सांगितलं असतं तर कोणी जाऊ दिलं नसतं.”

जपानच्या युइचिरो मिउरांचे नाव मला ठाऊक होते. साठीत हा माणूस स्थूल झाला होता, प्रकृतीच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. त्याने पायांना वजने बांधून चालायला सुरुवात केली आणि २००३ मध्ये सत्तराव्या वर्षी, २००८ मध्ये पंच्याहत्तराव्या वर्षी आणि २०१३ मध्ये ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्टचे शिखर गाठले. पण वहिनींना या गोष्टीचे विशेष वाटले नाही. त्यांना आपलीशी वाटली ती लता भगवान करे. साठी ओलांडलेली, बुलढाण्याकडून बारामतीकडे पोटासाठी आलेली ही शेतमजूर बाई. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते. २०१३ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीला बक्षीस आहे असे कळले, तशी ती नऊवारी नेसून, अनवाणी धावली आणि पहिली आली. पुढे तिच्यावर चित्रपट निघाला. त्यात तिचे काम तिनेच केले आणि त्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. “अनवाणी धावली,” वहिनी पुन्हा पुन्हा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाकडून परभणीहून बूट मागवले. ६६ वर्षांच्या आयुष्यातले त्यांचे ते पहिले बूट.

याची दुसरी बाजूही मी वहिनींपासून लपवली नाही. डोंगर कोणाचे वय पाहून मऊ होत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या अंजली कुलकर्णी एव्हरेस्टचे शिखर गाठून उतरताना मरण पावल्या. त्यांचे पती शरद कुलकर्णी त्या वेळी त्याच मोहिमेत होते. २०२३ मध्ये, साठी गाठल्यावर, ते पुन्हा त्या डोंगरावर गेले आणि शिखरावर पोचले. ही बातमी वाचून झाल्यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही. मग वहिनी म्हणाल्या, “आपण काय तेवढं उंच जायलो नाहीत. पण घाई करायची नाही, ताई.” तीच आमची शपथ ठरली.

पावसाळ्यात विहीर भरत गेली. जूनमध्ये ३४ पायऱ्या होत्या, भाद्रपदात १२ उरल्या. मग आम्ही माडीच्या जिन्याकडे वळलो. नातवाचे जुने दप्तर पाठीला लावून त्यात पाच किलो ज्वारी भरली आणि जिना चढू-उतरू लागलो. शेजारपाजारच्या बायका पाहायला येत आणि पदरात तोंड लपवून हसत. सप्टेंबरात डॉक्टरांना दाखवले. वजन साडेचार किलो उतरले होते. गुडघा बरा झालेला नव्हता, पण कुरकुर कमी झाली होती. डॉक्टरांनी होकार दिला आणि बजावले, की चढताना दम लागेल तो चालेल; गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना आहे, दोन काठ्या घ्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही दोघी परभणीहून रेल्वेने नाशिकरोडला आणि तिथून घोटीमार्गे बारीला गेलो. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. “पडलीस तर उचलायला कोणी हवे ना,” म्हणाला. बारीत एका घरी मुक्काम केला. रात्री चुलीपुढे घरच्या बाईने आम्हाला कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही एक मुलगी. एका घरी कामाला राहिली, पण अट घातली, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी घरी पाहुणे आले, तिला जबरदस्तीने ती कामे करायला लावली. ती रागावून घर सोडून निघाली, डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली. तीच ही देवी. वहिनींनी गोष्ट संपेपर्यंत हुंकार दिला आणि म्हणाल्या, “म्हणजे हिनंही कोणाला विचारलं नाही म्हणायचं!”

पहाटे साडेपाचला निघालो. भाताची खाचरे ओलांडली, झाडीतून वर चढू लागलो. तासाभरात मुलगा धापा टाकू लागला. ३६ वर्षांचा मुलगा! दिवसाचे दहा तास खुर्चीत बसतो. “आई, जरा थांबू या,” असे तो तीन वेळा म्हणाला, आणि तीनही वेळा मी काही न बोलता थांबले. बोलण्याची फार इच्छा झाली होती, एवढे मात्र कबूल करते.

कळसूबाईच्या वाटेवर कड्यांना लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. पहिल्या दोन शिड्या मी मोजत चढले. पुढच्या शिडीवर मधोमध माझे पाय थांबले. खाली दरी दिसत होती, गज हाताला थंडगार लागत होता आणि वाऱ्याने पदर फडफडत होता. पुढे जाववेना, मागे फिरवेना. माझ्या वर वहिनी होत्या. त्यांनी वळून पाहिले नाही. वळल्या असत्या तर दोघी घाबरलो असतो. त्या फक्त मोठ्याने मोजू लागल्या, विहिरीवर मोजायच्या तशा. एक. दोन. तीन. माझे पाय त्या आकड्यांबरोबर हलू लागले. चौतीस व्हायच्या आत शिडी संपली.

साडेदहाच्या सुमारास माथ्यावर पोचलो. चढायला पाच तास लागले होते. तरणी पोरे अडीच-तीन तासांत येतात. माथा लहानसा, त्यावर देवीचे छोटेसे देऊळ. एका बाजूला भंडारदऱ्याचे पाणी चकाकत होते, दुसरीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड एका ओळीत उभे होते. त्या जागेहून उंच असे महाराष्ट्रात काही नाही, हे मला दहाव्या वर्षापासून पाठ होते. त्या दिवशी प्रथमच ते खरे वाटले. वहिनींनी कनवटीची पुडी काढली. आमच्या शेतातली हळद होती. ती त्यांनी देवीला वाहिली आणि मग तिथेच वाऱ्यात बसून हळूच म्हणाल्या, “आयुष्यभर चालले, ताई. रानात, विहिरीला, दळणाला. पण सगळं कामाचं चालणं. चालायचं म्हणून चालले ते हेच.”

हे वाक्य मला त्या साऱ्या चढणीपेक्षा भारी वाटले. माझ्यासारख्या खुर्चीत आयुष्य गेलेल्या बाईला चालणेच नवे होते. वहिनींना चालणे नवे नव्हते. स्वतःसाठी चालणे नवे होते.

उतरायला जवळजवळ तेवढाच वेळ लागला, आणि डॉक्टर म्हणाले होते ते अक्षरशः खरे ठरले. गुडघा आठवडाभर सुजलेला होता. अजूनही जिना उतरताना तो आपली आठवण करून देतो. रक्तदाबाची गोळी चालूच आहे. डोंगर चढून कोणी तरुण होत नाही. पण माझ्या दिवसाला आता पुढची बाजू आली आहे. पूर्वी मी मागचे आठवत बसायचे. आता ‘पुढच्या महिन्यात कुठे?’ असे आम्ही एकमेकींना विचारतो. पहाटेच्या फेरीला आणखी सहा जणी येऊ लागल्या आहेत. वालूरची बारव पाहून झाली, चारठाण्याची पाहिली. मी पुण्याला गेले तरी वहिनी थांबत नाहीत. आणि हातात आता पिशवी कोणीच घेत नाही.

आता वाचकांपैकी ज्यांच्या मनात असे काही असेल त्यांना दोन गोष्टी सांगते. आधी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना खरे सांगा, की नुसते फिरायला नव्हे, चढायला जायचे आहे. किमान सहा महिन्यांची तयारी करा; चढण नसेल तर जिना आहे. पहिल्या वेळी वर्दळीची वाट निवडा, पावसात आणि एकट्याने जाऊ नका. बूट नवे असतील तर आधी महिनाभर वापरा. दुपारपर्यंत माथा गाठला नाही तर परत फिरायचे हे घरीच ठरवून ठेवा. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतो. आणि डोंगरच हवा असेही नाही. नदीकाठ, तळे, सायकल, पोहण्याचा तलाव, काहीही चालेल. ते कामासाठी नसावे, एवढेच.

शेवटचे मागणे मुलांसुनांना. या दिवाळीत घर भरलेले असेल. फराळाचे ताट पुढे करताना तुमच्या आईने, सासूने, मावशीने हळूच एखादी इच्छा बोलून दाखवली, तर चटकन हसू नका. काळजी असेल तर ती कामाला लावा: डॉक्टरांकडे घेऊन जा, चांगले बूट आणून द्या, रविवारी पहाटे उठून तिच्याबरोबर चार पायऱ्या चढा. तिला विचारायचेच असेल तर दोन शब्दांचा दुसरा एक प्रश्न आहे, आणि त्याला उत्तरही आहे: ‘कधी निघायचे?’